डेमो म्हणजे प्रात्यक्षिक

"सर, यात सीडी घालायला जागाच नाही," मी म्हणाले.

प्राचार्य निमजे खुर्चीतून उठले आणि टेबलाला वळसा घालून त्या पांढऱ्याशुभ्र संगणकाजवळ आले. त्यांनी तो डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, मग मागे जाऊन पाहिला. मागे चावलेल्या सफरचंदाचं चिन्ह होतं. त्यावरून त्यांनी रुमाल फिरवला.

"जागा करून घ्या," ते म्हणाले.

हे दहा-बारा वर्षांपूर्वीचं. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावचं कॉलेज. गावाचं नाव सांगत नाही, कारण या प्रसंगातले बहुतेक लोक आता आणखी वरच्या पदांवर आहेत आणि त्यांच्या प्रगतीत मला अडथळा आणायचा नाही. मी तेव्हा नागपूरच्या हेडाऊ सायंटिफिक नावाच्या दुकानवजा कंपनीत सर्व्हिस इंजिनीअर होते. प्रयोगशाळेतली परदेशी यंत्रं पोचवायची, जोडायची, चालू करून द्यायची आणि ग्राहकाची सही घेऊन परत यायचं, असं माझं काम. यातलं बाकी काही राहिलं तरी चालेल, सही राहता कामा नये, असं आमच्या हेडाऊ साहेबांचं धोरण होतं.

या वेळचं यंत्र होतं आयन क्रोमॅटोग्राफ. नाव अवघड, काम सोपं. पाण्याचा नमुना आत सोडायचा. त्यात कोणते क्षार किती आहेत ते यंत्र ओळखतं आणि संगणकाच्या पडद्यावर डोंगरासारखे उंचवटे काढून दाखवतं. त्या भागात जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड फार. पाणी दिसायला नितळ, चवीला चांगलं. पिणाऱ्यांचे आधी दात पिवळे पडतात, मग हाडं वाकतात. गावोगावचं पाणी तपासता यावं म्हणून कुठल्याशा योजनेतून हे यंत्र कॉलेजला मिळालं होतं. रसायनशास्त्र विभागाला प्रमुख नव्हता. पद रिक्त होतं, म्हणून विभागाचा कार्यभार प्राचार्यांकडे होता, आणि प्राचार्य मूळचे वाणिज्य शाखेचे होते.

"सर, संगणक कोणता लागेल ते आम्ही आधीच कळवलं होतं," मी म्हणाले. "जुन्या विंडोजचा, साधा."

"त्याच्यापेक्षा चांगला घेतला आम्ही."

"चांगला आहेच. पण यंत्राचं सॉफ्टवेअर त्या एकाच प्रकारासाठी बनवलंय. यावर बसणार नाही."

"म्हणजे साध्यावर चालतं आणि चांगल्यावर चालत नाही?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू ते सॉफ्टवेअर मी घरी पाटावरवंट्यावर वाटून आणलं होतं. "परवा मंत्री महोदय येताहेत उद्घाटनाला. फोटोत हा संगणक दिसला पाहिजे. कशाची अडचण आहे नेमकी?"

"मुख्य म्हणजे याला ड्रायव्हर नाही."

"ड्रायव्हर?" त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच आशा दिसली. "आपल्या संस्थेत तीन ड्रायव्हर आहेत. एक देतो तुम्हाला दिवसभरासाठी."

यंत्र आणि संगणक यांची ओळख करून देणारा तो ड्रायव्हर वेगळा, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि शिपायाला सांगून प्रा. काळमेघांना बोलावणं धाडलं.

प्रा. काळमेघ संगणकशास्त्र शिकवत. तरुण, दाढीवाले, डोळ्यांत एक चमक. ती चमक मी त्याआधी नव्याने दीक्षा घेतलेल्या लोकांच्या डोळ्यांत पाहिली होती. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या यच्चयावत संगणकांवर लिनक्स होतं. मी अडचण सांगितली तसे ते खेदाने हसले.

"मॅडम, तुम्ही लोक अजून गुलामीत आहात. मुळात सॉफ्टवेअर मुक्त असायला हवं."

"खरंय. पण हे मुक्त नाही. आणि परवा मंत्री येताहेत."

"आमच्याकडे एक थर आहे. लिनक्सला वाटतं आपण लिनक्सच चालवतोय, तुमच्या सॉफ्टवेअरला वाटतं आपण विंडोजवर आहोत. दोघंही सुखी."

अशा समजुतीवर बरेच संसार चालतात, म्हणून मीही होकार दिला. दुपारपर्यंत काळमेघ काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आज्ञा देत बसले. अधूनमधून मान वर करून ते मला स्वातंत्र्याबद्दल सांगत. शेवटी सॉफ्टवेअर उघडलं. त्यातली निम्मी अक्षरं चौकोन होऊन आली होती.

"उघडलं," काळमेघ म्हणाले.

"यंत्र दिसतंय का त्याला?"

"यंत्र नाही दिसत. पण तत्त्वतः दिसायला हवं."

तत्त्वतः मी तेव्हा जेवायला बसलेली असायला हवी होते. मी केबल काढली, पुन्हा लावली, दुसरी लावली. यंत्राचा हिरवा दिवा गरीब पाहुण्यासारखा दारात ताटकळत राहिला आणि आतल्या कुणी त्याला ओळख दिली नाही.

"या अख्ख्या कॉलेजात जुनं विंडोज असलेला एकही संगणक नाही का हो?" मी विचारलं.

काळमेघांनी आवाज खाली आणला. "एक आहे. भोयर बाबूंचा. पण ते देणार नाहीत."

भोयर बाबू कार्यालयाचे अधीक्षक होते. त्यांच्या टेबलावर जाड, पिवळट पडलेला, पोट पुढे आलेला संगणक होता, आणि भोयर बाबूंचीही ठेवण साधारण तशीच होती. पडद्यावर मला एक कुंडली दिसली. बारा घरं, घराघरांत ग्रह. कार्यालयाचं सगळं काम केव्हाच नव्या संगणकांवर गेलं होतं. हा जुना भोयर बाबूंनी स्वतःसाठी राखला होता, कारण त्यांचं पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर फक्त यावरच चालत असे. अर्ध्या तालुक्यातली लग्नं या टेबलावरून जमत.

"बाबूजी, हा संगणक दोन-तीन दिवसांसाठी मिळेल का? पाणी तपासायच्या यंत्राला लावायचाय."

"जन्मवेळ काय तुमची?"

"कशाला?"

"सहज. लग्न व्हायचं दिसते अजून."

"बाबूजी, संगणक."

"हे पाहा बाई," भोयर बाबू शांतपणे म्हणाले, "लगीनसराई तोंडावर आहे. हा हलवला अन् परत चालू झाला नाही, तर लोकांच्या लेकी घरी बसतील. तुमचं यंत्र काय, पाणी तपासते. पाणी काही पळून जात नाही."

याचं उत्तर प्राचार्यांनी द्यायला हवं होतं. प्राचार्यांकडे गेले तर ते म्हणाले, "भोयर बाबूंना दुखवून चालत नाही. माझ्या मुलीची पत्रिका आहे त्यांच्याकडे."

आता उरला तो पांढरा संगणक. काळमेघांनीच युक्ती काढली. त्यांना तो संगणक विंडोजइतकाच नावडता होता, कारण तोही मुक्त नव्हता. पण त्यांनी मनावर दगड ठेवला. त्या संगणकाच्या पोटात एक लटका विंडोज संगणक उभा करता येतो, घरमालकाच्या घरात पोटभाडेकरू ठेवावा तसा. पोटभाडेकरूला वाटतं घर आपलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो भाडेकरू आणून ठेवला. सॉफ्टवेअर सीडीतून पेनड्राइव्हवर घेऊन बसवलं. सगळी अक्षरं सरळ आली. फक्त यंत्राची केबल घरमालकाच्या दारापर्यंत पोचत होती आणि पुढे तिला कुणी आत घेत नव्हतं.

मी हेडाऊ साहेबांना फोन लावला.

"सॉफ्टवेअर उघडतंय का?" त्यांनी विचारलं.

"उघडतंय, पण यंत्राशी जोडणी होत नाही."

"उघडतंय ना? मग इन्स्टॉलेशन झालं. सही घे आणि ये."

त्याच सुमारास लहानूबाई आल्या. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, हातात कापडी पिशवी. त्या प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या आणि पायातल्या चपला कुठे काढाव्यात ते बघू लागल्या.

"चपला राहू द्या, आत या," मी म्हणाले. "कोण पाहिजे?"

"पाणी तपासाची मशीन इथंच आली म्हंते."

"आली. पण चालू नाही झाली अजून."

"मी लहानूबाई कुमरे. टेंभुरडोहची सरपंच." त्यांनी पिशवीतून पाण्याच्या दोन बाटल्या काढून ओट्यावर ठेवल्या. एकीच्या मानेला लाल दोरा बांधलेला होता, दुसरीच्या काळा. "आमच्या गावात हातपंप दोन. लाल दोऱ्याचा शाळेपाशी, काळ्या दोऱ्याचा देवळापाशी. दोनातला एक खराब हाय, येवढं समजते. पोट्ट्यायचे पाय वाकून राह्यले. पण कोन्ता खराब, हे कोनी सांगत नाई. दोन्ही बंद केले तं गाव पेईल काय?"

"कुणाला विचारलं नाही का तुम्ही?"

"समद्यायले इचारलं. बाटल्या घेऊन जातेत, मंग बाटल्याही येत नाई अन् उत्तरही येत नाई." त्या हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत. "मले लंबं काई नको, बाई. पोट्ट्यायनं कोन्तं पाणी प्यावं, येवढं सांग."

मी त्यांना सांगितलं, उद्याचा समारंभ होऊ द्या, मग काहीतरी करते. त्यांनी मान हलवली. "उद्या येतो मंग," म्हणाल्या, आणि बाटल्या परत पिशवीत घालून निघाल्या. बाटल्या इथेच ठेवा, असं मी म्हटलं तर त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी प्राचार्य पाहणीला आले. पांढऱ्या संगणकावर सॉफ्टवेअर उघडं होतं, पण पडदा कोरा. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतःच माउस हातात घेतला आणि जत्रेतल्या चक्रावर नेम धरावा तसं इथे-तिथे टिचकी मारू लागले. एका टिचकीला पडदा जिवंत झाला. एक रेषा सरसर डावीकडून उजवीकडे धावली, तिने एक सुबक डोंगर काढला, मग दुसरा, मग तिसरा. शेजारी तक्त्यात आकडे उमटले.

"चाललं की," प्राचार्य म्हणाले.

"सर, हा डेमो आहे. यंत्र नसताना सॉफ्टवेअर कसं दिसतं ते दाखवायला कंपनीने आत घालून ठेवलेला एक ठरीव आलेख. याचा पाण्याशी संबंध नाही."

"कंपनीनेच दिलाय ना?"

"हो, पण..."

"मग खोटा कसा म्हणता?"

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत इंग्रजीत 'डेमो' असं लिहिलेलं होतं आणि ते सारखं लुकलुकत होतं. मला धीर आला तो त्याचाच. म्हटलं, समोर स्पष्ट लिहिलेलं आहे, वाचणारा वाचेल. प्राचार्यांनीही ते वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा संगणकाला झेंडूचा हार घातलेला होता आणि त्याचा भरगच्च गोंडा नेमका त्या कोपऱ्यावर येईल असा टाचणीने अडकवलेला होता.

समारंभाला प्रयोगशाळा खच्चून भरली. पुढच्या रांगेत संस्थेचे पदाधिकारी, मागे प्राध्यापक, त्यामागे शेजारच्या गावांतून बोलावलेले सरपंच. मंत्री येऊन फीत कापून गेले असते तर ही गोष्ट सांगायचं कारणच पडलं नसतं. त्यांनी फीत कापली, यंत्राला हळदीकुंकू वाहिलं, पांढऱ्या संगणकाजवळ उभं राहून फोटो काढला, आणि भाषणात म्हणाले की आता या मातीतल्या प्रत्येक माय-माउलीला आपल्या घोटाचा हिशेब मिळेल. टाळ्या झाल्या. टाळ्या संपता संपता लहानूबाई मागून उठून पुढे आल्या आणि त्यांनी दोन्ही बाटल्या मंत्र्यांसमोर धरल्या.

"साहेब, माह्या पाण्याचं सांगा मंग."

एखादा कच्चा पुढारी गडबडला असता. मंत्री मुरलेले होते. त्यांनी छायाचित्रकाराकडे एक डोळा टाकला आणि लहानूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "आत्ता सांगतो, ताई. प्राचार्य, घ्या. ताईंचं पाणी तपासा, आमच्यासमोर."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. मग त्यांनी काळमेघांकडे पाहिलं. काळमेघांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. त्यांनी लाल दोऱ्याची बाटली घेतली, त्यातलं थोडं पाणी सुईच्या नळीत ओढलं आणि कशालाही न जोडलेल्या यंत्रात सोडलं. प्राचार्यांनी टिचकी मारली.

खऱ्या यंत्राला एका नमुन्याला पाव तास लागतो. डेमोला मंत्र्यांच्या वेळेची जाण होती. बघता बघता डोंगर उभे राहिले.

"फ्लोराइड मर्यादेच्या आत," प्राचार्यांनी वाचलं. "पाणी उत्तम."

टाळ्या. मग काळ्या दोऱ्याची बाटली. तीच रेषा, तेच डोंगर, तेच आकडे.

"हेही उत्तम."

मंत्र्यांनी माइक घेतला. "टेंभुरडोहचे दोन्ही हातपंप शुद्ध असल्याचं मी जाहीर करतो."

सगळे टाळ्या वाजवत होते. लहानूबाईंचे हात रिकाम्या पिशवीवर तसेच होते. टाळ्या थांबेपर्यंत त्या थांबल्या.

"दोन्ही सारखंच?" त्यांनी विचारलं.

"अगदी सारखं."

"मंग पोट्ट्यायचे पाय काऊन वाकले?"

मग मंत्री समजुतीने म्हणाले, "आहार, ताई. आहाराकडे लक्ष द्या. दूध, अंडी."

मला त्या वेळी काय वाटलं ते मी पुढे बऱ्याच जणांना बऱ्याच तऱ्हांनी सांगितलंय. खरं म्हणजे काहीच वाटलं नाही. मी फक्त पाहिलं की लहानूबाईंनी मान हलवली. त्यांना पटत होतं. इतकी माणसं, इतकं मोठं यंत्र, इतका पांढरा संगणक. दोन्ही पाणी चांगलं असणार, चुकत आपलंच असणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू येत होतं. त्या बाटल्या उचलायला वाकल्या.

मी पुढे गेले आणि हार उचलला.

"हे पाणी तपासलेलंच नाही," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "यंत्र संगणकाला जोडलेलं नाही. पडद्यावर दिसतंय ते सॉफ्टवेअरमधलं तयार चित्र आहे. इथे लिहिलंय बघा, डेमो."

लाल अक्षरं लुकलुकत होती. सगळ्या प्रयोगशाळेने ती वाचली. मंत्र्यांनी वाचली, मग प्राचार्यांकडे वळून विचारलं, "डेमो म्हणजे?"

निमजे सरांना मी कमी लेखत होते, हे मला त्या क्षणी कळलं.

"डेमो म्हणजे प्रात्यक्षिक, साहेब," ते म्हणाले. "प्रात्यक्षिकच चाललंय ना आपलं."

"अच्छा, प्रात्यक्षिक," मंत्री म्हणाले.

"प्रात्यक्षिक," पुढची रांग एकमेकांना म्हणाली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. मला वाटतं, माझ्या धाडसी स्पष्टीकरणाबद्दलही त्यातल्या काही टाळ्या होत्या. एका पदाधिकाऱ्यांनी मला मागाहून सांगितलं की तांत्रिक बाजू तुम्ही छान उलगडून सांगितली. मग सगळे जेवायला गेले.

दहा मिनिटांत प्रयोगशाळा रिकामी झाली. मी हातात हार घेऊन उभी होते. लहानूबाईही उभ्या होत्या.

"म्हंजे तपासलंच नाई?"

"नाही."

"मंग तपास."

"मावशी, मला पाहिजे तो संगणक नाही. जो आहे तो ते देत नाहीत."

"कोन देत नाई?"

मी भोयर बाबूंबद्दल सांगितलं. लहानूबाईंनी बाटल्या पिशवीत घातल्या, पिशवी काखेत घेतली आणि म्हणाल्या, "चाल, दाखव."

भोयर बाबू मंत्र्यांच्या पंगतीला गेले नव्हते. त्या दिवशी एकादशी होती. ते केळं खात बसले होते. लहानूबाई त्यांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं आता भांडण होईल, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाटच पाहत होते.

"बाबूजी, तुमची मशीन पायजे. पाणी तपासाले."

"आई, मी या मॅडमला सांगतलं ना. लगीनसराई आहे."

"हो, लगीन तं होतेतच." लहानूबाई खाली बसल्या. "आमच्या गावातही हाय येक. शाळेतल्या मास्तरचं. पोरगी इकडचीच म्हंते."

भोयर बाबूंचं केळं हातातच राहिलं. "कोणतं गाव तुमचं?"

"टेंभुरडोह."

"घाटे गुरुजी?"

"तेच. चांगला हाय मास्तर. शाळेच्या मांगंच खोली हाय त्याची."

भोयर बाबूंनी पडद्यावर एक जुळवलेली पत्रिका उघडली. पत्रिका त्यांनीच जुळवली होती हे मला तेव्हा कळलं. आणि मुलगी त्यांच्या बहिणीची होती, हे थोड्या वेळाने. छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळले होते. नाडी निर्दोष होती. मंगळ नव्हता. त्या बारा घरांमध्ये हातपंपाचं घर कुठेच नव्हतं.

"शाळेमागं म्हणजे, पाणी शाळेच्याच हातपंपाचं?" त्यांनी विचारलं.

"जवळ तोच हाय ना. येवढ्या दूर देवळापाशी कोन जाते?"

"अन् मुलंबाळं झाली तर?"

"तेई तेच पेतीन."

लहानूबाईंचा आवाज सरळ होता. त्यांनी टोमणा मारला नाही, की हात जोडले नाहीत. विचारलं तेवढं सांगितलं. भोयर बाबूंनी केळ्याची साल कागदात गुंडाळली, हात धुऊन आले, पत्रिकेचा कार्यक्रम बंद केला आणि संगणकाच्या मागच्या वायरी एकेक करून काढू लागले.

"मी धरते," मी म्हणाले.

"राहू द्या. याला माझ्या हाताची सवय आहे."

तो जड डबा त्यांनी छातीशी धरून स्वतः प्रयोगशाळेपर्यंत आणला. मी सीडी घातली. सॉफ्टवेअर बसलं. केबल लावली. यंत्राने संगणकाला ओळखलं आणि संगणकाने यंत्राला, इतक्या साधेपणाने, की दोन दिवसांच्या त्या थरांची आणि पोटभाडेकरूंची मला लाजच वाटली. आधी मी ठाऊक असलेल्या द्रावणांवर यंत्र पारखून घेतलं. मग काळ्या दोऱ्याची बाटली लावली. पाव तास आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो. फ्लोराइडचा डोंगर उठला तो टेकडीएवढा, मर्यादेच्या बराच खाली.

"हे देवळापाशचं. चांगलं आहे," मी म्हणाले.

मग लाल दोऱ्याची. रेषा चढू लागली आणि चढतच गेली. पडद्याचं वरचं टोक गाठल्यावर सॉफ्टवेअरने आपणहून मोजपट्टी बदलली, तेव्हा कुठे ती मावली. मी खात्रीसाठी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मर्यादेच्या चौपटीहून जास्त.

"शाळेचा," मी म्हणाले.

भोयर बाबू भिंतीला टेकले. लहानूबाईंनी ती बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरून पाहिली आणि मोरीत ओतून दिली.

"मी कागदावर लिहून देते," मी म्हणाले. "पण त्यावर प्राचार्यांची सही लागेल, आणि ते देणार नाहीत. मंत्र्यांनी जाहीर केलंय."

"मले कागद कायले?" त्या म्हणाल्या. "तू सांगतलं ना."

त्या गेल्या. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांचा आणि मंत्र्यांचा फोटो आला, खाली ठळक अक्षरांत: टेंभुरडोहचे दोन्ही हातपंप शुद्ध. ज्या सकाळी ते छापून आलं, त्याच सकाळी लहानूबाईंनी गावातल्या बायका गोळा करून शाळेजवळच्या हातपंपाचा दांडा उपसला आणि घरी नेऊन माळ्यावर टाकला. हे मला भोयर बाबूंनी फोनवर सांगितलं. सरकारी मालमत्तेची नासधूस केली म्हणून चौकशीला कुणीतरी आलं होतं. पाणी शुद्ध असताना हातपंप बंद का केला, असं त्याने विचारलं. लहानूबाई म्हणाल्या, दुरुस्तीले टाकला. दुरुस्ती कधी होईल? होईल ना, तुमच्या हापिसासारखीच. चौकशी तिथेच थांबली.

माझ्या बाबतीत कारवाई जलद झाली. उद्घाटनप्रसंगी ग्राहकाच्या सजावटीत हस्तक्षेप केल्याची तक्रार प्राचार्यांनी कंपनीकडे केली. हेडाऊ साहेबांनी मला बोलावून विचारलं, "सही घेतलीस का?" मी नाही म्हणाले. "मग तू तिथे केलंस काय तीन दिवस?" या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे, पण ते शोधायला त्यांनी मला दुसरीकडे जायला सांगितलं. मी एका औषध कंपनीत लागले. तिथे गोळ्या तपासायच्या होत्या. निमजे सर पुढे मोठ्या संस्थेत गेले. काळमेघ कायम झाले. घाटे गुरुजींचं लग्न त्या मोसमात झालं. भोयर बाबूंनी एकच अट घातली होती, ती पाण्याची.

टेंभुरडोहला मी प्रत्यक्ष गेले ते बऱ्याच वर्षांनी. कंपनीच्या कामाने त्या बाजूला गेले होते आणि पाटी दिसली म्हणून गाडी आत घेतली. लहानूबाई आता सरपंच नव्हत्या. अंगणात मोहाची फुलं वाळत घालत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, पण तसं दाखवायची घाई केली नाही. पाणी दिलं. मी ते प्यायले.

"देवळापाशचं हाय," त्या म्हणाल्या.

शाळा सुटली. पोरांचा लोंढा रस्त्याने देवळाकडे पळत सुटला. धूळ, दप्तरं, आरडाओरडा. पहिली-दुसरीची असतील, तिसरी-चौथीची असतील. सगळ्यांच्या नडग्या सरळ, काटकुळ्या, करकोच्यासारख्या. मी बघत राहिले. लहानूबाई माझ्याकडे बघत होत्या.

"हे समदे मांगून झालेले," त्या म्हणाल्या. "दांडा काढल्यावरचे."

मग त्याच रस्त्याने, बऱ्याच अंतराने, एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी कळशी घेऊन आली. गुडघे एकमेकांना घासत होते आणि पावलं बाहेर पडत होती, त्यामुळे प्रत्येक पावलाला पाणी हिंदकळत होतं. ती अंगणात आली, कळशी उतरवली, आणि माझ्याकडे पाहून हसली. दात पिवळे होते.

"ही कोण?" मी विचारलं.

"माही नात. शेवंता." लहानूबाईंनी मोहाच्या फुलांवरून हात फिरवला आणि ती सारखी केली. "मी तुह्याकडं बाटल्या घेऊन आली होती ना, तवा हिचे पाय वाकून गेले होते."